स्वप्नातली शाळा

मायबाप, आज एका स्वप्नाविषयी बोलू. आषाढीला कोल्हापुरातनं नंदवाळला पालखी चालली होती. वाटेत एक म्हातारी माउली जवळ आली आणि हळूच म्हणाली, "महाराज, सारखी शाळाच स्वप्नात येती बघा. मास्तर हजेरी घेत्यात, समद्यांची नावं येत्यात, माझंच येत न्हाई. कुणी म्हटलं हे मरणाचं लक्षण, शांती करा. खरं हाय का वो?"

मी म्हटलं, "आई, शाळा कितवीपर्यंत झाली?" तर म्हणाली, "चौथी. पाठची भावंडं सांभाळायला घरात ठेवली."

आता बघा. स्वप्नाचा अर्थ तिच्या दुसऱ्याच वाक्यात होता. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य जनकराजाला सांगतात, की स्वप्नात रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात. जीवच ते सगळं निर्माण करतो. कशातनं करतो? जागेपणी जे साठवलं, त्यातनं. म्हणजे स्वप्न हे पुढची बातमी सांगणारं पत्र नव्हे. ती आपलीच जुनी वही आहे, रात्री उघडलेली.

शाळेच्या स्वप्नाचे साधारण तीन प्रकार सांगतात लोक. एक, परीक्षेचं. पेपर समोर, अभ्यास नाही, घंटा झाली. नोकरीतनं निवृत्त झालेल्यालाही हे पडतं. ते भय आहे. सध्या कसली तरी कसोटी चालू असेल, तर मन जुन्या कसोटीचं रूप घेतं. दुसरं, सवंगड्यांचं. ती ओढ आहे. आणि तिसरं या माउलीचं, अपुरेपणाचं. ज्याची शाळा मध्येच सुटली, त्याला ती बोलावत राहते.

या करवीरात 1917 साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोर शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड! राजाला ठाऊक होतं, की सुटलेली शाळा जन्मभर सलते. तरी पुढंही किती लेकी चुलीपाशी अडकल्या!

बरं, अपुरं राहणं ही लाज आहे का? नामदेवरायांकडं पाहा. देव त्यांच्याशी बोलायचा. तरी संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं पारखलं, आणि नामदेव कच्चं मडकं ठरले. राग आला. पंढरीला येऊन देवाला गाऱ्हाणं सांगितलं. देव काय म्हणाला? गुरू कर. मग नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडं गेले, म्हणजे पुन्हा शाळेतच बसले की नाही? आणि त्यांचं अभंगांचं काम अपुरं राहिलं, तेव्हा तेच पांडुरंगाला घेऊन तुकोबांच्या स्वप्नात आले आणि उरलेलं काम सोपवून गेले. तुकोबा घाबरून शांती करायला गेले नाहीत. उठले आणि कामाला लागले.

हीच स्वप्नाची खरी शांती. भयाचं स्वप्न पडलं, तर जागेपणीची कसोटी कोणती ते शोधा. ओढीचं पडलं, तर जुन्या मित्राला भेटून या. अपुरेपणाचं पडलं, तर जे राहिलंय त्यातलं थोडं आज करा. मात्र झोपच मोडू लागली, दिवसही भीतीत जाऊ लागला, तर डॉक्टरांना दाखवायला लाजू नका.

माउलीला मी एवढंच म्हटलं, "आई, मरणबिरण काही नाही. अक्षरं ओळखता ना? नातीला शेजारी बसवा आणि हरिपाठातला रोज एक अभंग बोट ठेवून वाचा. अडलं तर ती सांगेल."

पुढल्या वारीत भेटली. मी स्वप्नाचं विचारायच्या आधीच तिनं पिशवीतनं हरिपाठ काढला. पानांचे कोपरे मळले होते, बोट ठेवून ठेवून. म्हणाली, "शाळा अजून येती कधीमधी. खरं आता भ्या वाटत न्हाई. नात चुका लई काढती मात्र!"

मायबाप, शाळेच्या हजेरीतनं नाव कटलं असेल. विठोबाच्या हजेरीत ते कायम आहे. फक्त "हजर" म्हणायला आपण जागं व्हायचं.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!