महागाई, स्थलांतर आणि कामाची हमी

मुंबईच्या उत्तर उपनगरांत, गोरेगाव आणि मालाड या स्थानकांच्या पूर्वेस दिंडोशी आहे. जवळच आरे दुग्ध वसाहत आहे, १९७७ साली स्थापन झालेली चित्रनगरी आहे, आणि २०२२ पासून द्रुतगती मार्गावरून मेट्रोही धावू लागली आहे. या परिसरात कोकणातून आणि घाटावरून आलेली जुनी कुटुंबे राहतात, तशीच उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून आलेलीही राहतात. निवडणूक जवळ आली की येथे चार प्रश्न हमखास ऐकू येतात. भाव का वाढले? बाहेरून किती माणसे येऊ द्यावयाची? शासनाने कोणाला, किती द्यावे? आणि एवढी माणसे असूनही कामाला माणूस का मिळत नाही?

सभांतून हे चार प्रश्न चार निराळे वाद म्हणून मांडले जातात. वस्तुतः ते एकाच हिशेबाचे चार रकाने आहेत. एका रकान्यातील आकडा बदलला की उरलेल्या तिहींत फरक पडतो. महाराष्ट्राने हा हिशेब एकदा एकत्र मांडला होता आणि त्यातून एक कायदा निर्माण झाला होता. त्या अनुभवाची उजळणी आज उपयुक्त ठरावी.

महागाई : विकणारा आणि विकत घेणारा

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या स्मरणातून गेलेला नाही. खडी फोडणारे हात, शिधापत्रिकेवर मिळणारा परदेशी मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांच्या आठवणी घरोघर सांगितल्या जातात. त्याच वर्षी मुंबईत महिलांची महागाई प्रतिकार समिती उभी राहिली. गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी वेगवेगळ्या पक्षांच्या होत्या. परंतु लाटणी आणि थाळ्या हाती घेऊन त्या एकत्र रस्त्यावर आल्या. पुढे खनिज तेलाचे भाव भडकले आणि १९७४-७५ मध्ये घाऊक किमतींच्या निर्देशांकाची वाढ २५ टक्क्यांच्या घरात गेली.

महागाईच्या विरोधात सर्वच पक्ष असतात. मतभेद होतो तो उपायांविषयी. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. ती मे २०२४ मध्ये उठविण्यात आली. या बंदीमुळे शहरातील गृहिणीला दिलासा मिळावा हा हेतू होता. नाशिक जिल्ह्यातील उत्पादकाला मात्र आपले उत्पन्न हिरावले गेले असे वाटले. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते. एकाचा खर्च हे दुसऱ्याचे उत्पन्न असते, आणि उत्पन्न बुडालेल्या शेताकडे मजूरही कामासाठी फार काळ पाहू शकत नाही. येथून स्थलांतराचा रकाना सुरू होतो.

स्थलांतर : बाहेरचा कोण?

मुंबईची लोकसंख्या १९६१ च्या जनगणनेत सुमारे ४१ लक्ष होती. १९८१ मध्ये ती ८२ लक्षांवर गेली. दोन दशकांत शहर दुप्पट झाले. या वाढीत रत्नागिरी, सातारा, पुणे या आपल्याच जिल्ह्यांतून आलेल्या माणसांचा वाटा मोठा होता. कोकणातील कित्येक घरे मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालत. पुढे परप्रांतांतून येणाऱ्यांचे प्रमाण वाढत गेले. १९८२ च्या गिरणी संपानंतर कायम नोकरीचा मोठा आधार खचला आणि रोजंदारीची, कंत्राटी कामे वाढली. तेव्हापासून हा वाद अधिक तीव्र झाला.

एक बाजू म्हणते, भूमिपुत्रांना आधी काम मिळाले पाहिजे. राज्य शासनाचे धोरणही या दिशेने राहिले आहे. नोव्हेंबर २००८ च्या शासन निर्णयात उद्योगांतील एकूण नोकऱ्यांपैकी ८० टक्के आणि पर्यवेक्षकीय नोकऱ्यांपैकी ५० टक्के स्थानिकांना द्याव्यात असे म्हटले आहे. दुसरी बाजू संविधानाच्या अनुच्छेद १९ कडे बोट दाखविते. त्यानुसार नागरिकाला देशात कोठेही जाण्याचा आणि राहण्याचा हक्क आहे. खाजगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांची सक्ती करणारा हरयाणाचा कायदा तेथील उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द ठरविला, हेही लक्षात घ्यावयास हवे.

दोन्ही बाजूंच्या वादात एक प्रश्न बहुधा मागे राहतो. माणूस गाव सोडतो तो कशामुळे? या प्रश्नापासून सुरुवात केली तर वादाची दिशा बदलते. १९७२ नंतर महाराष्ट्राने नेमके तेच केले.

हमी : एका वादाचे कायद्यात रूपांतर

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम देण्याची कल्पना १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात लहान प्रमाणावर अजमावून पाहिली होती. दुष्काळात ती राज्यव्यापी झाली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम विधिमंडळाने एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागणाऱ्यास ते मिळणे हा हक्क ठरला. काम न दिल्यास बेकारी भत्ता देण्याची जबाबदारी शासनावर आली.

या कायद्याइतकीच महत्त्वाची आहे ती पैशाची व्यवस्था. १९७५ साली व्यवसाय कर लागू झाला. पगारदार माणसाच्या वेतनातून तो आजही कापला जातो; बहुतेकांना तो महिना २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असा परिचित आहे. मुळात हा कर रोजगार हमीच्या खर्चासाठी बसविण्यात आला होता. मोटार वाहने, विक्री, बागायती जमीन यांवरही अधिभार आले आणि करातून जमेल तितकीच रक्कम शासनाने आपल्याकडून घालावयाची होती. याचा अर्थ असा की, दिंडोशीत राहणाऱ्या कारकुनाच्या पगारातील काही रुपये माणदेशातील पाझर तलावावर माती उचलणाऱ्या बाईच्या मजुरीत जात होते.

शहराने हे मान्य का केले? दुष्काळाने जागविलेली सहानुभूती होतीच. परंतु गावी काम मिळाले तर शहराकडे येणारा लोंढा कमी होईल, हाही विचार त्यामागे असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. बागायतदाराला बांध, रस्ते आणि तलाव मिळणार होते, मजुराला उन्हाळ्यात चूल पेटती ठेवता येणार होती. कोण देणार आणि कोणाला काय मिळणार, हे दोन्ही एकाच वेळी मांडले गेले म्हणून भिन्न पक्षांची सहमती होऊ शकली.

मजुरांची टंचाई : कोणत्या दराने?

योजना निर्दोष नव्हती. हजेरीपटावरील खोटी नावे, उशिरा मिळणारी मजुरी, अर्धवट राहिलेली कामे यांविषयी विधिमंडळात वारंवार चर्चा झाली. १९८८ मध्ये किमान वेतनाच्या वाढीबरोबर योजनेची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. त्यानंतर कामावरील उपस्थिती घटली. दर वाढला, पण नवी कामे उघडण्याचा वेग मंदावला आणि मागेल त्याला काम हे वचन पातळ झाले, असे काही अर्थशास्त्रज्ञांनी दाखविले. हमी टिकवावयाची तर दर आणि तरतूद दोन्ही बरोबर वाढवावी लागतात, हा त्यातील बोध.

शेतकऱ्यांची तक्रार निराळी होती. सरकारी कामामुळे पेरणी-कापणीला माणसे मिळत नाहीत, असे ते म्हणत. २००५ च्या केंद्रीय कायद्यानंतरही ही तक्रार चालू राहिली. २०११ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार यांनी हंगामात ही कामे थांबवावीत असे सुचविले होते; तेव्हा ते मान्य झाले नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्यात कामाचे दिवस १०० वरून १२५ करण्यात आले आणि हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची तरतूदही आली. जुन्या वादातील दोन्ही बाजू या कायद्यात शेजारी शेजारी दिसतात.

अलीकडे हाच वाद थेट अनुदानाविषयी होत आहे. २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेतून पात्र महिलांना दरमहा १५०० रुपये मिळू लागले. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी शहरी बेघरांच्या निवाऱ्याविषयीच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भूषण गवई यांनी, फुकट मिळणाऱ्या लाभांमुळे महाराष्ट्रात शेतीला मजूर मिळत नाहीत, असे मत व्यक्त केले. काम उपलब्ध असेल तर ते नाकारणारे विरळाच, असे उत्तर दुसऱ्या बाजूने देण्यात आले.

येथे साधे गणित उपयोगी पडते. १५०० रुपये म्हणजे दिवसाला ५० रुपये. शेतमजुरी ३०० रुपये धरली तर ही रक्कम पाच दिवसांच्या कामाएवढी होते. एवढ्यावर महिनाभर घर चालत नाही. मात्र अगदी कमी मजुरीचे काम नाकारण्याचे बळ त्यातून येऊ शकते. तेव्हा टंचाई आहे असे कोणी सांगितले की, ती कोणत्या महिन्यात आणि कोणत्या दराने, हे विचारले पाहिजे. मजुरी वाढवून मागितली की उत्पादन खर्च वाढतो, आणि आपण पुन्हा महागाईच्या रकान्याशी येऊन पोहोचतो.

शहरातील टंचाईचा धडा २०२० मध्ये मिळाला. टाळेबंदीत लक्षावधी श्रमिक गावी परतले आणि कारखाने व बांधकामे सुरू करण्याची वेळ आली तेव्हा माणसे नव्हती. स्थानिक तरुणांसाठी राज्य शासनाने जुलै २०२० मध्ये ‘महाजॉब्स’ हे संकेतस्थळ सुरू केले. ज्यांना शहर आपले मानत नव्हते त्यांच्यावाचून शहर चालत नव्हते, हे त्या काही आठवड्यांत सर्वांनी पाहिले.

घर : दिंडोशीचा प्रयोग

कामासाठी आलेला माणूस राहणार कोठे, या प्रश्नाचे एक उत्तर दिंडोशीनेच दिले आहे. १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याचा आधार घेऊन मृणाल गोरे, प. बा. सामंत आणि बाबूराव सामंत यांनी नागरी निवारा परिषदेच्या वतीने जमिनीसाठी दीर्घ लढा दिला. त्यातून येथे अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांसाठी सुमारे ६००० घरांची वसाहत उभी राहिली. महागाईविरुद्ध लाटणे उचलणारे नेतृत्व पुढे घरांच्या प्रश्नाकडे वळले, यात सुसंगती आहे. कारण नोकरदाराच्या घरखर्चात धान्याइतकाच निवाऱ्याचा भार असतो. महाराष्ट्रात हा कायदा २००७ मध्ये रद्द झाला. घरांची गरज मात्र संपलेली नाही.

गावात आणि कार्यालयात

या विषयावर मतभेद राहणारच, आणि लोकशाहीत ते राहावेत. आपले काम मतभेदाला हिशेबाची शिस्त लावण्याचे आहे. ग्रामसभेत कामांचा आराखडा मांडताना कोणत्या महिन्यांत गावातील किती कुटुंबे बाहेर जातात याची नोंद समोर ठेवावी. काम त्या महिन्यांपूर्वी सुरू झाले तरच स्थलांतर थांबते. उसतोडीची उचल मुकादमाकडून घेतली गेल्यानंतर उघडलेल्या कामाचा त्या घराला उपयोग होत नाही. कोणती मुले दिवाळीनंतर वर्गात दिसेनाशी होतात हे शिक्षकाला सर्वांत आधी कळते. ती माहिती पंचायतीपर्यंत पोहोचावी. बाहेरून आलेल्या कुटुंबाला शिधापत्रिकेची सोय दुसऱ्या राज्यातही वापरता येते, हे कार्यालयात आलेल्या माणसाला सांगावे.

आणि कोणताही पक्ष भाव, परके, अनुदान किंवा टंचाई यांपैकी एकाच गोष्टीवर बोलू लागला, तर उरलेल्या तीन रकान्यांत काय लिहिले आहे, असे त्याला शांतपणे विचारावे. पैसा कोण देणार, तो कोणाच्या हाती पडणार आणि काम न मिळाल्यास जबाबदार कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे १९७७ च्या कायद्यात होती. आजच्या प्रत्येक घोषणेकडूनही तेवढीच अपेक्षा नागरिकाने ठेवावी.