भित्र्या कुत्र्याला ताण किती द्यावा?

राखणीसाठी हौसेनं कुत्रं पाळावं आणि पाहुणा दिसताच त्यानंच बाजेखाली दडून बसावं! मैत्रिणींनो, असं तुमच्याही घरी झालं असेल. तीर्थपुरीसारख्या ऊसपट्ट्यातल्या गावात तर हंगाम लागला, की दारावरून उसाचे ट्रॅक्टर धडधडत जातात. बिचारं शेपूट पायांत घालून मागं सरतं. मग घरातलं कुणीतरी 'भीती मोडेल' म्हणून त्याला फरफटत ट्रॅक्टरजवळ नेतं. भीती काही मोडत नाही, आपल्यावरचा विश्वास मात्र मोडतो.

मग ताण देऊच नये का? तसंही नाही. वासराला दाव्याची सवय कशी लावतो, आठवा. हलका ताण द्यायचा आणि त्यानं एक पाऊल टाकलं, की दावं लगेच सैल सोडायचं. कुत्र्याचंही तसंच. शिकवतो तो ताण नव्हे, तर वेळेवर सोडलेली दोरी. ताण कसा थांबवायचा हे त्याला कळलं, तरच तो न्यायाचा. नाहीतर तो नुसता जाच.

सुरुवात शांत अंगणात करा. गळ्यात फास नको, रुंद पट्टा हवा. दोरी किंचित ताणून थांबा. झटका देऊ नका. ते तुमच्याकडे वळलं, की दोरी सैल करा आणि भाकरीचा तुकडा द्या. दोन-तीन मिनिटं पुरे. हे जमल्यावरच ट्रॅक्टर दुरून दाखवा. इतक्या दुरून, की ते तुकडा आनंदानं खाईल. खाणं सोडलं, कान मागे पाडले, सारखे ओठ चाटू लागलं, तर आपण फार जवळ आलो समजा आणि मागं फिरा. तिथं दोरी ताणू नका.

आणखी थोडं:

• गुरगुरलं म्हणून मारू नका. तो इशारा असतो; तो दडपला, तर पुढच्या वेळी न सांगता चावेल.

• पिल्लू ३ ते १४ आठवड्यांचं असताना माणसं, आवाज, वाहनं यांची हळूहळू ओळख करून द्या.

• कुत्रं चावलंच, तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

• आखूड साखळीला तासन् तास बांधून ठेवणं १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, बरं का!

महिना लागेल, कदाचित दोनही. पण एके दिवशी ट्रॅक्टर जाईल आणि ते बाजेखाली न पळता तुमच्या तोंडाकडे बघेल. तेव्हा दोरी सैलच असू द्या.