मत्स्याहारी पक्षी आणि सरोवरातील मासेमारी : ओनायडा सरोवराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

तलावावर पोट भरणारा मच्छीमार आणि त्याच पाण्यात बुडी मारून मासा धरणारा पाणकावळा यांचे वैर जुने आहे. जाळे रिकामे आले की काठच्या बाभळीवर पंख वाळवत बसलेला काळा पक्षी नजरेत भरतो आणि सारा दोष त्याच्या माथी जातो. ही तक्रार निराधार असते असे नाही. तथापि, पक्ष्यांनी किती मासे खाल्ले आणि मासेमारीचे किती नुकसान झाले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांतील अंतर अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या ओनायडा सरोवरात विशेष स्पष्टपणे दिसून आले. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने १९५० च्या दशकापासून तेथील माशांच्या नोंदी ठेवल्या आहेत. त्यामुळे पक्षी येण्यापूर्वीची व नंतरची स्थिती ताडून पाहता येते. अशी सोय फार थोड्या जलाशयांत उपलब्ध आहे.

भक्ष्याचे वजन व भक्ष्याचे वय :

ओनायडा हे सुमारे २०७ चौरस किलोमीटर क्षेत्राचे उथळ सरोवर असून वॉलआय आणि यलो पर्च या माशांसाठी ते प्रसिद्ध आहे. डीडीटीच्या वापरामुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन उत्तर अमेरिकेतील दुहेरी तुऱ्याचा पाणकावळा एकेकाळी दुर्मीळ झाला होता. १९७२ साली डीडीटीवर बंदी आली, त्याच वर्षी या पक्ष्याला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि त्याची संख्या झपाट्याने वाढली. ओनायडावर त्याने १९८४ मध्ये प्रथम घरटी केली. २००० सालापर्यंत तेथे ३६५ जोड्या झाल्या. शरद ऋतूत स्थलांतर करणारे थवे उतरत, ते वेगळेच.

असा एक पक्षी दिवसाला साधारणपणे अर्धा किलोच्या आसपास मासे खातो. दररोज ४५० ग्रॅम हे प्रमाण धरल्यास ७३० प्रौढ पक्ष्यांना रोज सुमारे ३३० किलो आणि १५० दिवसांच्या हंगामात सुमारे ४९ टन मासे लागतात. आकडा मोठा वाटतो. पण सरोवराच्या क्षेत्रावर विभागल्यास तो हेक्टरी जेमतेम अडीच किलो भरतो. एकच हिशेब मच्छीमाराला भयावह आणि पक्षिप्रेमीला क्षुल्लक वाटावा, यातच वजनाच्या मापाची मर्यादा दिसते.

खरा प्रश्न वयाचा आहे. मासा अंडी लाखांनी घालतो व पहिल्याच वर्षी त्यांतील बहुतेक पिल्ले मरतात. या अवस्थेत पक्ष्याने काही पिल्ले टिपली, तर उरलेल्यांना अन्न व जागा अधिक मिळते आणि तूट बरीचशी भरून निघते. परंतु पहिल्या वर्षाच्या संकटातून वाचलेला, अद्याप गळाला लागण्याइतका मोठा न झालेला मासा खाल्ला गेला तर ती भरपाई सहसा होत नाही. तो मासा बहुधा जगला असता व पुढे मासेमारीत आला असता. ओनायडावरील पाणकावळे नेमके याच वयाचे वॉलआय व पर्च खात असल्याचे आढळले. पक्षी न पचलेले अवशेष गुटिकेच्या रूपाने ओकून टाकतो. तीत माशाच्या कानातील अश्म सापडतात आणि त्यांवरून माशाची जात व आकार काढता येतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात या मध्यम वयाच्या माशांच्या वाढलेल्या मृत्यूचा संबंध पाणकावळ्यांशी जोडण्यात आला. मच्छीमारांची तक्रार येथे खरी ठरली.

उपाय आणि त्यांची गुंतागुंत :

शास्त्रीय पुराव्याची वाट सर्वांनीच पाहिली नाही. १९९८ च्या उन्हाळ्यात जवळच्याच ओंटॅरिओ सरोवरातील लिटल गॅलू बेटावर काही जणांनी आठशेहून अधिक पाणकावळे बेकायदेशीरपणे मारले. ओनायडावर मात्र त्याच वर्षी शरद ऋतूतील थवे हुसकावण्यास प्रारंभ झाला आणि २००४ पासून ही मोहीम हंगामभर चालविण्यात आली. पक्षी घटले, वॉलआय सावरले. मात्र याच काळात गळाने मासे धरण्याचे नियमही कडक केले गेले होते. शिवाय १९९० च्या दशकात झीब्रा शिंपल्यांनी सरोवराचे पाणी नितळ करून टाकले होते व त्याचाही पिल्लांच्या जगण्याशी संबंध असू शकतो. सुधारणेचे सर्व श्रेय एकाच उपायाला देणे म्हणूनच धाडसाचे ठरेल.

पुढचे वळण अनपेक्षित होते. २०१३-१४ च्या सुमारास राउंड गोबी हा परका मासा सरोवरात शिरला. तळाशी राहणारा हा मासा लवकरच पाणकावळ्यांचे मुख्य अन्न बनला आणि त्यांच्या आहारातील वॉलआय व पर्च यांचे प्रमाण घटले. पक्षी तोच, सरोवर तेच. हानी मात्र बदलली.

महाराष्ट्रातील तलाव :

ओनायडाचा निष्कर्ष येथे जसाच्या तसा लागू होत नाही. कटला, रोहू व मृगळ हे मासे लहान तलावांच्या साचलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत. सहकारी संस्थांना बीज विकत आणून सोडावे लागते. निसर्गात लाखांनी जन्मणाऱ्या पिल्लांची तूट भरून निघते, पण मोजून सोडलेल्या बोटुकलीच्या जागी दुसरी आपोआप येत नाही. त्यामुळे येथे लहान मासा गमावणेही संस्थेच्या खिशाला जाणवते. जलाशयात १०० मिलिमीटरहून मोठी बोटुकली सोडावी, या शिफारशीमागे भक्षकांपासून बचाव हे एक प्रमुख कारण आहे. पैसे वाचविण्यासाठी त्याहून बारीक बीज सोडले जाते, तेव्हा नुकसानीचा काही वाटा पक्ष्याच्या नव्हे, खरेदीच्या नावे मांडावा लागेल.

उन्हाळ्यात पाणी आटले की बगळे, चित्रबलाक व पाणकावळे डबक्यांभोवती गर्दी करतात. हे दृश्य डोळ्यांत खुपते, परंतु तोवर संस्थेचे मासे बरेच वाढलेले असतात आणि छोट्या पाणकावळ्याच्या घशात मावत नाहीत. तो खातो त्यात चिलापी व इतर किरकोळ मासे असतील, तर कटला-रोहूच्या अन्नातील वाटेकरीच कमी होतात. बीज सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे अधिक नाजूक असतात. त्या काळात राखण करणे, बीज एकाच ठिकाणी न ओतता विखरून सोडणे हे उपाय पक्ष्याला इजा न करता करता येतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लक्षात घेता ते आवश्यकही आहे.

आपल्या तलावावरील पाणकावळा नेमके काय खातो, हे पाहण्यास मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. बगळ्याच्या पोटात माशांची हाडे बहुतांशी विरघळून जातात. पाणकावळ्याच्या गुटिकेत मात्र ती बरीच शिल्लक राहतात. कटला, रोहू यांच्या कुळातील माशांच्या घशात दात असतात आणि चिलापीच्या घशातील दात त्यांहून वेगळ्या घडणीचे असतात. पक्षी रात्री ज्या झाडांवर वस्तीला उतरतात, त्यांच्या बुंध्याशी बीज सोडल्यानंतरच्या पंधरवड्यात आणि पुन्हा एप्रिलमध्ये या गुटिका गोळा केल्यास दोन्ही हंगामांतील आहार शेजारी शेजारी ठेवून पाहता येतो.