‘जी’ आणि थॉमसनचे फासे

शब्दांचे अर्थ सांगणं आणि लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची नक्षी जुळवणं, या दोन कामांचा वरकरणी काही संबंध नाही. तरीही एकात ज्याला चांगले गुण पडतात, त्याला दुसऱ्यातही सहसा बरे पडतात. चार्ल्स स्पिअरमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1904 मध्ये शाळकरी मुलांच्या गुणांत हेच हेरलं. फ्रेंच, गणित, अगदी स्वरांतला सूक्ष्म फरक ओळखणंसुद्धा एकमेकांशी जोडलेलं निघालं. यामागे एकच सामान्य क्षमता आहे, असं त्याने मानलं आणि तिला ‘जी’ म्हटलं.

निरीक्षण पक्कं आहे. शंभरहून अधिक वर्षं ते पुन्हा पुन्हा खरं ठरलंय. मला पटत नाही तो त्यावरून काढलेला निष्कर्ष.

गॉडफ्रे थॉमसनने 1916 मध्ये तो चक्क फासे टाकून तपासला. समजा, मनात असंख्य बारीक क्षमता आहेत आणि प्रत्येक मुलासाठी प्रत्येक क्षमतेचा फासा वेगळा पडतो. एका चाचणीचे गुण म्हणजे तीस फाशांची बेरीज, दुसरीचे आणखी तीस फाशांची. त्यांतले दहा दोन्हींकडे सामाईक. एवढ्यावर दोन चाचण्यांचा सहसंबंध 0.33 च्या आसपास येतो. अशा अनेक चाचण्या घेतल्या की गणितातून ‘सामान्य घटक’ बाहेर पडतो, पण फाशांच्या मागे तसं काहीच नसतं! ‘7-2-9-4 उलट म्हणा’ या साध्या प्रश्नालाही लक्ष देणं, ऐकलेलं धरून ठेवणं आणि मनात फिरवणं, इतकं सगळं लागतं. यातलं काही ना काही दुसऱ्या चाचण्यांनाही लागणारच.

हान व्हॅन डर मास आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये तिसरी वाट दाखवली: वाढत्या वयात क्षमता एकमेकींना खतपाणी घालतात, वाचनाने शब्द वाढतात, शब्दांनी तर्क.

म्हणून बुद्धिमत्ता चाचण्या निरुपयोगी ठरत नाहीत. थॉमसनच्याच मोरे हाउस चाचणीला 1 जून 1932 रोजी स्कॉटलंडमधली 87,498 मुलं बसली. त्यांतल्या काहींनी 1998 मध्ये तीच चाचणी पुन्हा दिली, तेव्हा बालपणीचे आणि म्हातारपणीचे गुण बऱ्यापैकी जुळले. बेरीज टिकाऊ असते. ती एकाच वस्तूची असायला हवी, असं नाही.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवलेली बिने बुद्धिमत्ता चाचणी आजही वापरात आहे. मुलाचा अहवाल हाती आला, की पालकांनी बुद्ध्यांकावर न थांबता भाषा, स्मरण आणि तर्क यांचे गुण वेगवेगळे समजावून मागावेत. दोघांचा बुद्ध्यांक 90 असेल, पण एकाला आकडे लक्षात ठेवायला मदत हवी असेल आणि दुसऱ्याला शब्दांची.