पाय टेकला की नापास

मोशीच्या आरटीओ मैदानावर सकाळी दहालाच ऊन चटका देत होतं. रांगेत बहुतेक अठरा-एकोणीसची मुलं-मुली. मधेच कंपनीचा गणवेश अंगात असलेला, रात्रपाळी उरकून तसाच आलेला एखादा. प्रत्येक गाडीवर लाल ‘एल’. माझा भाचा अकरावा. कच्चं लायसन्स निघाल्यावर 30 दिवस झाल्याशिवाय पक्क्याची परीक्षा देता येत नाही. ते दिवस त्याने बोटांवर मोजले होते.

परीक्षा म्हणजे जमिनीवर आखलेला इंग्रजी आठ. रेषांच्या आतून गाडी फिरवायची आणि पाय टेकायचा नाही. लांबून पोरखेळ वाटतो. पहिला मुलगा झोकात सुटला आणि दुसऱ्याच वळणावर रेषेबाहेर गेला. त्याच्या मागची मुलगी पहिल्या गिअरमध्ये निघाली. क्लच अर्धा दाबलेला, मागच्या ब्रेकवर पावलाचा हलका भार, नजर चाकावर नाही, पुढच्या वळणावर. शेजारून चालणारा माणूसही पुढे जाईल, इतकी हळू. साहेबांनी मान डोलावली.

भाच्याची पाळी आली. क्लचवरची बोटं आवळून पांढरी पडलेली. पहिलं वेटोळं नीट गेलं. मधल्या फुलीवर त्याने खाली चाकाकडे पाहिलं, गाडी डावीकडे कलली आणि बुटाचा चवडा क्षणभर जमिनीला लागला.

“पाय टेकला. सात दिवसांनी ये.”

बाहेर आल्यावर तो म्हणाला, “मामा, रस्त्यावर मी साठने चालवतो. तिथे कधी तोल गेला नाही.”

साठला गाडी आपला तोल आपणच सांभाळते. चालवणाऱ्याचा कस लागतो तो पाच-सातच्या वेगाला. चाकणच्या तळेगाव चौकात पाळी सुटायच्या वेळी उभं राहून बघावं. कंटेनर वळायला लागला की केबिन बाहेरून फिरते, पण मागची चाकं आतून कोपरा कापत येतात. त्या कोपऱ्यात घुसलेल्या दुचाकीला जागाच उरत नाही. तिथे मागे राहून, गाडी हातात ठेवून, थांबता यावं लागतं. मैदानावरचा आठ म्हणजे तो चौकच आहे.

कायद्याने गिअरच्या गाडीला वय 18. सोळाव्या वर्षी चालते ती फक्त 50 सीसीपर्यंतची. ती सवलत 1972 साली आलेल्या लूनासारख्या गाड्यांना शोभणारी होती. आज याच चाकणमधून पल्सर आणि केटीएम बाहेर पडतात. तरी क्लासला उशीर नको म्हणून पंधरा-सोळाच्या मुलाच्या हाती किल्ली देणारी घरं मी पाहतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजारांचा दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. या शिक्षेपेक्षा मला भीती वाटते त्या कोपऱ्याची. वेग सोळाव्या वर्षीही जमतो. थांबणं अंगात मुरायला वेळ लागतो, आणि कायदा तो वेळ मागतो.

आता रोज संध्याकाळी सोसायटीच्या रिकाम्या पार्किंगमध्ये भाचा खडूने आठ काढतो. मी शेजारून चालतो. पहिले चार दिवस तो मला मागे टाकून जायचा. काल मी त्याच्या पुढे निघून गेलो. वळून पाहिलं, तर त्याचे दोन्ही पाय फूटरेस्टवर होते.