जुन्या गाडीला टर्बो : हौस किती, हिशेब किती?

गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या जेवणानंतर हॉलमागच्या पार्किंग लॉटमध्ये आठ-दहा तरुण मंडळी एका उघड्या बॉनेटभोवती गोळा झाली होती. आत आरतीची ताटे आवरली जात होती आणि बाहेर ‘बूस्ट’, ‘इंटरकूलर’ असे शब्द ऐकू येत होते. बॉनेट आमच्या चिरंजीवांच्या गाडीचे होते. १९९९ची माझदा मियाटा, ११२,००० मैल झालेली, सात हजार डॉलर्सना घेतलेली. वय वर्षे २९, नोकरी चांगली, लग्न अजून नाही. घरी परतताना त्याने हळूच सांगितले, “बाबा, टर्बो बसवायचाय. साडेअकरा हजारांत होईल.”

मी काहीच बोललो नाही, कारण बोलण्याचा अधिकार मी २००९ सालीच गमावला आहे. ती गोष्ट मंडळातल्या फारशा कोणाला माहीत नाही. संपादकांनी या सदरासाठी काहीतरी लिहा म्हणून दोनदा फोन केला, तेव्हा म्हटले, आपलाच कबुलीजबाब लिहावा.

आधी गाडीविषयी थोडे. मियाटा ही दोन सीटची, उघड्या टपाची, मागच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी. १९८९ साली ती अमेरिकेत आली तेव्हा तिचे इंजिन १.६ लिटरचे आणि ११६ हॉर्सपॉवरचे होते. १९९४ला १.८ लिटर आणि १२८ हॉर्सपॉवर झाले, १९९९च्या नव्या रूपात १४०. आजकालच्या साध्या सेडानही यापेक्षा जोरात पळतात. पण ही गाडी हलकी असते आणि वळणावर ती जे सुख देते ते आकड्यांत सांगता येत नाही. जोर कमी आणि बाकी सगळे छान, म्हणूनच ती घेणाऱ्याला वर्षभरात वाटू लागते की एवढा एक जोर वाढवला की झाले!

मलाही तसेच वाटले होते. २००५ साली मी १९९४ची मियाटा साडेसहा हजारांना घेतली. पुण्यात असताना मोटारसायकलचे इंजिन उघडून बसणारा माणूस मी, इथे येऊन पंधरा वर्षे नुसते संगणकासमोर बसलो होतो. रविवारी चिरंजीवांना याच गाडीतून मराठी शाळेला सोडायचो. तो तेव्हा दहा वर्षांचा. टप उघडे आणि शेजारी बसून तो पाढे म्हणतोय, हे चित्र आजही डोळ्यांसमोर आहे. (आता आठवले की अंगावर काटा येतो. तेरा वर्षांखालच्या मुलाने एअरबॅगसमोरच्या सीटवर बसू नये, मागे बसावे, हा साधा नियम. या गाडीला मागची सीटच नाही. नातवंडांना अशा गाडीतून फिरवण्याचा कोणाचा बेत असेल तर तो रद्द करावा.)

२००६ साली टर्बो बसवला. वापरलेला संच आणि मजुरी ५,२०० डॉलर्स. जोर वाढल्यावर मूळ क्लच घसरू लागला, नवा ११०० डॉलर्स. इंधनाचे प्रमाण सांभाळायला वेगळा संगणक आणि त्याचे ट्यूनिंग १,२५०. एक्झॉस्ट ६५०. आता एवढी पळते तर वळायलाही हवी, म्हणून शॉक अब्सॉर्बर आणि स्प्रिंगा १,५००. एकूण ९,७००. सौभाग्यवतींना मी यातले साधारण निम्मे सांगितले होते.

इथे थोडे तांत्रिक बोलतो, कारण खर्चाची साखळी का लांबते हे कळायला हवे. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो. जास्त हवेला जास्त पेट्रोल लागते, आणि दोन्ही जास्त झाले की उष्णता वाढते. उष्णता वाढली की मिश्रण आपोआप पेट घेऊ लागते. त्याला आपण ‘नॉकिंग’ म्हणतो. ते पिस्टन फोडू शकते. म्हणून नवा संगणक लागतो, मोठा रेडिएटर लागतो, महाग पेट्रोल लागते. पुढे क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल अशा एकेका दुव्यावर ताण येतो आणि जो सर्वात कच्चा तो आधी तुटतो. १.६ लिटरच्या मियाटांचा डिफरन्शियल नाजूक म्हणून प्रसिद्धच आहे. घरात एक भिंत रंगवली की बाकीच्या तीन मळकट दिसू लागतात, तसा हा प्रकार.

दोन वर्षे मी राजासारखा फिरलो, हे खोटे बोलणार नाही. २००८ साली स्मॉग चेकची चिठ्ठी आली.

कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना, पहिली काही वर्षे सोडली तर, दर दोन वर्षांनी ही तपासणी द्यावी लागते. २०००च्या आधीच्या गाड्यांना आपल्या बे एरियात रोलरवर चालवून धूर मोजतात. शिवाय तपासनीस बॉनेट उघडून पाहतो. इंजिनाच्या धुरावर परिणाम करणारा कोणताही बाहेरचा भाग असला, तर त्यावर राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक हवा. तो नसेल तर धूर कितीही स्वच्छ असो, गाडी नापास! माझ्या संचावर क्रमांक नव्हता. ज्या गॅरेजने तो बसवला त्याचा मालक म्हणाला, “सगळेच असे करतात.” मूळ भाग कुठे आहेत विचारले, तर ते त्याने केव्हाच भंगारात दिले होते. दोष माझाही होता. खोक्यात भरून घरी आणायला मला काय धाड भरली होती?

त्याच सुमारास मंदी आली आणि २००९च्या मार्चमध्ये माझी नोकरी गेली. गाडी विकायची ठरवली तर इथे विकणाऱ्यालाच स्मॉगचे प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणजे जी गाडी स्मॉग पास होत नाही ती विकताही येत नाही. जुने भाग शोधून गाडी पूर्ववत करायला आणखी १,४०० डॉलर्स गेले. टर्बोचे सुटे सामान १,९००ला गेले आणि गाडी ३,६००ला. म्हणजे एकूण घातले १७,६००, परत आले ५,५००, आणि चार वर्षांत गेले १२,१००. चिरंजीव तेव्हा तेरा वर्षांचे होते आणि त्यांच्या कॉलेजच्या ५२९ खात्यात याच्या निम्मीही रक्कम नव्हती. हा हिशेब मी सौभाग्यवतींना पहिल्यांदा पूर्ण दाखवला तेव्हा त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

तर आता चिरंजीवांच्या साडेअकरा हजारांकडे वळू.

पहिली गोष्ट, हे पैसे गाडीच्या किमतीत जमा होत नाहीत. स्वयंपाकघर नवे केले तर घराच्या किमतीत थोडे तरी परत येते. गाडीत बहुधा उलटे होते. जुन्या स्पोर्ट्स कारचा जाणकार गिऱ्हाईक न छेडलेली गाडी शोधत असतो, कारण दुसऱ्याने केलेल्या कामावर त्याचा भरवसा नसतो. दुसरी गोष्ट विम्याची. साधी पॉलिसी अपघातात गाडी निकालात निघाली तर तिची बाजारभावाची किंमत देते. तुम्ही बसवलेला टर्बो त्यात धरला जाईलच असे नाही. वेगळे कलम घ्यावे लागते, किंवा ठरलेल्या रकमेची ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ पॉलिसी, आणि ती देणाऱ्या कंपन्यांना गाडी रोज कामावर नेलेली सहसा चालत नाही. बदल विमा कंपनीला न कळवणे सर्वात वाईट. दाव्याच्या वेळी तेच निमित्त पुढे येऊ शकते.

तिसरे, सात हजारांची गाडी अधिक साडेअकरा म्हणजे साडेअठरा हजार. २०१६ पासूनची मियाटा नव्या बांधणीची आहे आणि २०१९ पासून तिच्या इंजिनात मुळातच १८१ हॉर्सपॉवर आहेत. एवढ्या पैशांत, किंवा थोडी भर घालून, त्या पिढीतली वापरलेली गाडी मिळू शकते. तिला घसरण आवरणारे स्टॅबिलिटी कंट्रोल आहे. अमेरिकेत ते २०१२च्या मॉडेलपासून सक्तीचे झाले. १९९९च्या गाडीत ते नाही. पावसात, थकून परतताना, २००हून अधिक हॉर्सपॉवर मागच्या चाकांवर सोडून फक्त उजव्या पायावर विसंबायचे, हे आरोग्याच्या सदरात लिहिण्यासारखेच आहे.

आणि चौथे, जे मी त्याला जेवणाच्या टेबलावर नॅपकिनवर लिहून दाखवले. साडेअकरा हजार बाजूला ठेवले आणि सरासरी सात टक्क्यांनी वाढले असे गृहीत धरले, तर तीस वर्षांत सुमारे ८७,५०० होतात. सात टक्क्यांची हमी कोणी देत नाही, हे खरे. पण टर्बोची वाढ उणे असते, याची हमी मी देतो. त्याने रॉथ आयआरए उघडलाही नव्हता. २०२५ सालासाठी त्याची मर्यादा ७,००० डॉलर्स होती.

नॅपकिन पाहून तो म्हणाला, “मग तुम्ही का केलेत?”

याचे उत्तर मला देता आले नाही, आणि म्हणून हा लेख ‘करू नका’ म्हणून इथे संपत नाही. गोल्फवर, क्रूझवर, साड्यांवर आपण खर्च करतो तेव्हा परतावा विचारत नाही. हौसेचा पैसा हौसेचाच असतो. माझे म्हणणे एवढेच की तो गुंतवणूक म्हणून मोजू नये, क्रेडिट कार्डावर तर मुळीच काढू नये (त्यावर अलीकडे वीस टक्क्यांहून जास्त व्याज असते), आणि कामावर जायला दुसरी गाडी असावी. काढलेला प्रत्येक भाग नावाची चिठ्ठी लावून जपून ठेवावा. मंजुरी क्रमांक भाग घेण्यापूर्वी पाहावा, घेतल्यावर नव्हे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे तर साऱ्या देशातच बेकायदा आहे, मग गॅरेजवाला काहीही म्हणो. २००० आणि पुढच्या गाड्यांच्या संगणकातली प्रणाली बदललेली आहे का, हेही कॅलिफोर्नियात २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये तपासतात.

आमच्यात शेवटी तह झाला. आधी गाडी मूळची जशी होती तशी करायची आणि मग ती कमी पडते का ते पाहायचे. टायर पाहिले तर अजून नक्षी भरपूर, पण कडेवरच्या ‘डॉट’ क्रमांकाचे शेवटचे चार आकडे निघाले ३१११, म्हणजे २०११चा एकतिसावा आठवडा. चौदा वर्षांचे रबर! या टायरवर टर्बो बसणार होता. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी काळ्याची हिरवट-तपकिरी झाली होती, म्हणजे तडकायच्या बेतात. ब्रेकचे तेल चहासारखे. हे तेल हवेतली ओल शोषते आणि उतारावर सतत ब्रेक लावताना उकळू शकते. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला याची नोंद नाही.

टायर ५२० डॉलर्स, रेडिएटर, बेल्ट, वॉटर पंप आणि पाइप ४८०, ब्रेक पॅड आणि तेल १९०, शॉक आणि स्प्रिंगा १,१५०, अलाइनमेंट १६०. एकूण २,५००, मजुरी आम्हा दोघांची. बेल्टच्या कामाला पुस्तकात दिलेला वेळ आमच्याकडून तिप्पट लागला. एक बोल्ट दोन तास निघेना, तेव्हा सौभाग्यवती गॅरेजमध्ये कांदाभजी घेऊन आल्या आणि इंजिनाकडे पाहून एवढेच म्हणाल्या, “या वेळी मला सगळा आकडा सांगा.” सांगितला.

गाडी बाहेर काढली आणि चिरंजीव टेकड्यांकडे गेले. परतल्यावर म्हणाले, आधीची गाडीच ही नव्हती. आता ते अधूनमधून रविवारी स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या ‘ऑटोक्रॉस’ला जातात. मोकळ्या मैदानात शंकू मांडून, हेल्मेट घालून, एकेकट्याने गाडी वळवायची. पहिल्या दिवशी एका साठीच्या बाईंनी याच्यापेक्षा कमी हॉर्सपॉवरच्या गाडीत याला चार सेकंदांनी हरवले.

रॉथमध्ये २०२५चे ७,००० जमा झाले. उरलेले दोन हजार वेगळ्या खात्यात आहेत आणि त्या खात्याचे नाव त्याने ‘टर्बो’ असे ठेवले आहे. मी काही बोललेलो नाही. मंजुरी क्रमांक असलेल्या संचांची यादी मात्र त्याला काढून दिली आहे.