देशावरचा पाऊस येतो कुठून?

आषाढात साधू-साध्वी चातुर्मासासाठी एका गावी स्थिरावतात, त्याच सुमारास बाजारपेठेतील व्यापाऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात. बियाण्याची उधारी, शेतकऱ्याला दिलेली उचल, तूर-कापसाची पुढील खरेदी, सारे पावसावर अवलंबून. मुंबईत मुसळधार झाली की दोन दिवसांत देशावरही येईल, असा अंदाज पेढीवर सहज बांधला जातो. पुष्कळदा तो फसतो.

अरबी समुद्रावरून येणारे नैऋत्य वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि कोकणात व घाटमाथ्यावर आपले बाष्प रिते करतात. पूर्वेकडे उतरताना तीच हवा तापते, कोरडी होते. म्हणून महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर सुमारे ३० किलोमीटरांवरील वाईला १,००० मिलिमीटरही नाही. अहिल्यानगर-सोलापूर परिसरात तो ५०० ते ७०० मिलिमीटरांच्या घरात. मात्र अरबी समुद्रापासून कितीतरी दूर असलेल्या नागपूरला पुन्हा १,००० मिलिमीटरांच्या आसपास!

या कोड्याचे उत्तर बंगालच्या उपसागरात आहे. तेथे निर्माण होणारी कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा-छत्तीसगडमार्गे पश्चिमेकडे व वायव्येकडे सरकतात. त्यांचा लाभ विदर्भाला अधिक, मराठवाड्याला त्यामानाने कमी. राजस्थानपासून उपसागरापर्यंत पसरलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याला मान्सूनचा आस म्हणतात. तो दक्षिणेला सरकला की मध्य भारत भिजतो. हिमालयाच्या पायथ्याशी गेला की तेथे अतिवृष्टी आणि इकडे पावसाचा खंड. जुलै-ऑगस्टमधील असा खंड लांबला तर कोवळे पीक करपते आणि उधारीही अडकते.

तरीही तेवढ्यावर वर्ष बुडाले असे मानू नये. सोलापूर-अहिल्यानगर भागात सर्वाधिक पाऊस बहुधा सप्टेंबरमध्ये, म्हणजे पर्युषणाच्या आगेमागे पडतो. तेव्हा पश्चिमेचे वारे मंदावलेले असतात, दुपारच्या उष्णतेने मेघगर्जनेसह ढग उभे राहतात. त्या ओलाव्यावरच रब्बी ज्वारीची पेरणी होते.

‘एल निनो’चे नाव ऐकून घाबरणेही तितकेच एकांगी. १९९७ साली तो अतिशय तीव्र असूनही देशातील पाऊस सरासरीइतका झाला. २००२ साली तो मध्यम असताना दुष्काळ पडला.

एकाच बाजूने पाहून निर्णय करू नये, ही अनेकांताची शिकवण येथे व्यवहारातही उपयोगी पडते. मुंबईच्या पावसाबरोबर उपसागरातील हालचाल आणि मान्सूनच्या आसाचे स्थान पाहावे. हवामान विभागाच्या रोजच्या वार्तापत्रात त्यांची नोंद असते. उचल एकरकमी न देता पेरणी आणि वाढ पाहून टप्प्याटप्प्याने द्यावी. आणि ऑगस्टच्या खंडात शेतकऱ्यामागे तगादा लावण्याऐवजी सप्टेंबर उलटेपर्यंत थांबावे. त्यात करुणा आहेच, शिवाय चोख हिशेबही आहे.